आतल्या तारांची वेणी

दुपारी लाँड्रीचं शटर अर्धं खाली आलं, की मास्तर माडीवरच्या खोलीत खाटेच्या कडेला बसून गिटार वाजवत आणि अक्का समोरच्या खुर्चीत बसून मान डोलवी. बघणाऱ्याला वाटावं, काय संसार आहे, शत्रूलाही असा मिळो. खरी गोष्ट एवढीच होती, की अक्काला त्यातलं काहीएक ऐकू येत नव्हतं.

गिटार विजेवरची. भरीव लाकडाची, पोटात पोकळी नाही, त्यामुळे अँप्लिफायरला जोडल्याशिवाय तिचा आवाज म्हणजे डब्यात कोंडलेला डास. आणि जोडायची तर केबलची पिन जिथे खुपसायची तो जॅकच मोडलेला. पिन घातली की खरखर, जरा धक्का लागला की मुकी. मास्तरांनी दोनचारदा फुंकर मारून पाहिली आणि मग केबल गुंडाळून खाटेखाली सारली. म्हणाले, "जॅक जुना झाला. चालायचंच. आता कुणाला ऐकवायचंय? मला ऐकू येतं, तुला ऐकू येतं, झालं."

"झालंच तर," अक्का म्हणाली होती. दुसरं काय म्हणणार? जिने उभ्या आयुष्यात नाकावर माशी बसू दिली नाही, ती कानाचं रडगाणं कुणापुढे गाणार?

कान खाल्ले ते लाँड्रीने. कपडे पिळायचं मोठं यंत्र तिच्या वडिलांच्या वेळेपासून मागच्या खोलीत होतं. ते फिरायला लागलं की भिंतीवरचं कॅलेंडर थरथरायचं. त्याला डावा कान देऊन अक्काचं तरुणपण गेलं आणि म्हातारपणही अर्धं सरलं. आधी डावा कान गेला, मग उजव्याने त्याचं बघून शिकून घेतलं. शेजारणीच्या नळाची टिपटिप गेली, ती बरी गेली. मग किटलीची शिट्टी गेली. मग एक दिवस मास्तर खिडकीत उभे राहून म्हणाले, "काय पाखरं ओरडतायत बघ आज," आणि अक्काने झाडाकडे पाहिलं, तर झाड आपलं गप्प उभं.

हँगरच्या ठोक व्यापाऱ्याकडे जाते म्हणून सांगून ती एकटीच कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आली. तिथे तिला काचेच्या कपाटात बसवलं, कानांवर टोप्या चढवल्या, आणि आवाज आला की बोट वर करा म्हणून सांगितलं. अक्काने अंदाजाने बोट वर केलं. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून शर्ट कुठला ते ओळखणारी बाई, पण इथे अंदाज चुकले. डॉक्टरबाई तिच्या नातीच्या वयाची. म्हणाली, "बारीक आवाज आधी जातात, जाड आवाज मागून. गेलेला परत येत नाही. राहिलाय तो मशीन लावून जपता येईल."

"कानात मशीन घालून फिरायला मी काय टेलिफोन आहे?" म्हणून अक्का उठून आली. येताना खरंच डझनभर हँगर घेऊन आली, कारण खोटं बोलायचं तर ते तरी नीट बोलावं.

पण त्या दिवसापासून एकच गोष्ट तिच्या डोक्यात घर करून बसली. जाड आवाज आहेत तोवर तिला खुर्च्यांचं गाणं ऐकायचं होतं. डब्यातल्या डासासारखं नाही, अँप्लिफायरवर, पहिल्यासारखं. एकदा.

हे गाणं म्हणजे गाणं नव्हतंच, त्याला शब्द नव्हते. मास्तर हॉटेलच्या हॉलमध्ये पाचजणांच्या बँडमध्ये वाजवत तेव्हाची ती त्यांची स्वतःची चाल. कार्यक्रम संपत आला, लोक उठून आपापले कोट शोधू लागले आणि पोऱ्ये खुर्च्या एकावर एक चढवू लागले, की गाणारी बाई पाणी प्यायला आत जाई, ढोलवाला काठ्या पुसू लागे, आणि मास्तर एकटेच ही संथ चाल वाजवत. लोकांना हाकलायची ही सभ्य रीत आहे असं मालक म्हणायचा. पण लोक जायचे नाहीत. एक हात कोटाच्या बाहीत घालून तसेच उभे राहायचे.

तर एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून अक्का म्हणाली, "तो जॅक बदला."

"कुठला जॅक?" मास्तर म्हणाले.

"गाडीचा. कुठला म्हणजे? घरात दुसरा जॅक आहे का?"

सून कपड्यांना चिठ्ठ्या लावत होती. सुनेने गेल्या वर्षभरात अक्काच्या उजव्या बाजूला उभं राहून बोलायची सवय लावून घेतली होती. का, ते ना तिने सांगितलं ना अक्काने विचारलं. अळीमिळी गुपचिळी. ती म्हणाली, "बाबा, वाद्यांच्या दुकानात देऊया ना. आठवड्यात करून देतात."

"दुकानात नाही," मास्तर म्हणाले. "परक्याच्या हातात नाही द्यायची. ती माझ्याशिवाय कुणाच्या हाताखाली गेलेली नाही."

"नव्या नवरीचं बोलताय का लाकडाचं?" अक्का म्हणाली. "मग घरी बदला. इस्त्रीची वायर तुटली की डाख तुम्हीच देता. हिच्या वायरीला काय सोन्याचा डाख लागतो?"

"तसं नाही गं. सामान मिळायला हवं."

"सामान सूनबाई आणेल."

"माप बघायला लागतं."

"मोडका जॅक काढून तिच्या हातात द्या, माप आपोआप जाईल."

"तो काढला म्हणजे गिटार उघडी पडणार. धूळ जाईल आत."

अक्काने नवऱ्याकडे पाहिलं. ह्या माणसाने पावसात, थंडीत, तापात ती गिटार खांद्याला लावून नेली होती. त्याला आज धुळीची भीती. पाणी कुठेतरी मुरत होतं, पण कुठे ते तिला दिसेना. तिने हट्ट धरला. आणि अक्काचा हट्ट म्हणजे चिकट डाग, घासून जात नाही, कपडा मात्र फाटतो. दोन दिवसांत मास्तर फाटले. सून संध्याकाळी कागदाच्या पुडीत नवा जॅक, नट आणि वायसर घेऊन आली, आणि म्हणाली, "दुकानदार म्हणाला सगळे एकाच मापाचे असतात. बाबांची काळजी मिटली."

लाँड्रीच्या सुट्टीच्या दिवशी त्यांनी काम काढलं. खालच्या खोलीतलं इस्त्रीचं टेबल रिकामं केलं. घोंगडी दुहेरी करून त्यावर गिटार उताणी निजवली. दांड्यावर धुतलेले कोट प्लास्टिकच्या पिशव्यांत रांगेने लटकत होते, जणू बघे जमले होते. खळीचा आणि कोमट सुताचा वास खोलीत होता. तो सुट्टीच्या दिवशीही जात नसे. मास्तरांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला, डाख द्यायची, सोल्डरिंगची पेनाएवढी इस्त्री खोक्यातून काढली आणि तिची वायर प्लगात खुपसली.

"तापायला वेळ लागेल," ते म्हणाले.

"लागू दे. आज कुणाचे कपडे जळत नाहीयेत."

गिटारच्या अंगावर, तारांच्या खालच्या बाजूला, होडीच्या आकाराची एक चकचकीत पत्र्याची वाटी बसवलेली होती. तिच्या मध्यात जॅकचं भोक आणि भोकाभोवती नट. हा नट अक्काच्या ओळखीचा होता. गिटारमधलं दुसरं काही तिला कळत नसे, कुठली तार कुठल्या सुराची ते तिला आजही सांगता आलं नसतं. पण हा नट तिचा.

लग्नाआधीची गोष्ट. बँडचे पाच पांढरे कोट दर आठवड्याला लाँड्रीत यायचे, आणि पाचही आणायला एकच माणूस यायचा. अक्का तेव्हा गल्ल्यावर बसायची, शाळा सोडून तिला बरीच वर्षं झाली होती. तिने एकदा विचारलं, "कोट पाच आणि माणूस एक. बाकीचे चौघे लुळे आहेत का?" माणूस म्हणाला, "नाही, त्यांना इथे यायचं कारण नाही." असलं काही बोलायला हा माणूस चार महिने घेतो, हे तिला पुढे कळलं. मग ती कोट पोचवायला स्वतः हॉलच्या मागच्या दाराने जाऊ लागली. मग कार्यक्रम संपेपर्यंत थांबून घामाचे कोट परत घेऊन येऊ लागली. भांडी घासायच्या मोरीजवळ, एका हातात रिकामे हँगर धरून, ती खुर्च्यांचं गाणं ऐकायची. वाफ, साबण आणि ती चाल. पुढच्या बाजूला पैसे देऊन बसलेल्यांना ऐकू येत नसेल तसं तिला ऐकू यायचं, असं तिचं ठाम मत होतं. आणि अक्काची मतं सगळी ठामच असत.

लग्न झालं, आणि एक दिवस मास्तर म्हणाले, "ह्या जॅकचा नट सारखा ढिला होतो." त्या दिवसापासून गिटार घराबाहेर पडण्याआधी अक्का नट आवळू लागली. पक्कडीने, पण नटावर आधी मलमलीचा तुकडा घालून, म्हणजे चमक जाऊ नये. आवळून झालं की ती पक्कड खाली ठेवी, हात झटके आणि मास्तरांकडे बघे. माझ्या घरातून जाते ती घट्ट जाते. कोट कडक, कॉलर उभी, नट घट्ट. बाकी ढोलवाल्याच्या घरची काय तऱ्हा होती ती सगळ्यांना माहीत होती.

"तूच काढ स्क्रू," मास्तर आता म्हणाले. "माझी नजर नाही पोचत."

होडीच्या दोन टोकांचे दोन स्क्रू अक्काने काढले. वाटी उचलली. तिच्याबरोबर जॅक बाहेर आला आणि जॅकला लोंबणाऱ्या दोन तारा. अक्का बघत राहिली.

तारा एकमेकींत पिळल्या गेल्या होत्या. थोड्याथोडक्या नाहीत. मुळापासून टोकापर्यंत, घट्ट, एखाद्या मुलीची आईने रागाच्या भरात घालावी तशी वेणी. आणि जॅकजवळ एक तार पिळून पिळून तुटायला आली होती. दोनतीन केसांएवढे तांब्याचे धागे धरून होते.

"हे कुणी केलं?" अक्काने विचारलं.

मास्तर डाख द्यायच्या इस्त्रीकडे बघत होते.

"अहो, मी विचारतेय. उंदीर वेण्या घालतात का?"

"नट बाहेरून आवळला ना," मास्तर म्हणाले, हळू, पण उजवीकडे होते म्हणून पोचलं, "आणि आतून जॅक धरला नाही, तर नटाबरोबर आख्खा जॅक फिरतो. जॅक फिरला की तारा पिळतात."

सुनेने हातातली पिशवी उगाच घडी घालायला घेतली.

"म्हणजे मी," अक्का म्हणाली.

"तसं नाही..."

"तसंच. मग त्या सगळ्या वर्षांत तुटल्या कशा नाहीत?"

मास्तर हसले. हसले म्हणजे मिशीची एक बाजू हलली. "हॉलवर पोचलो की बाकीचे चहा प्यायचे. मी दोन स्क्रू काढायचो, वेणी सोडवायचो, परत लावायचो. ढोलवाला म्हणायचा, मास्तर, चहा गार होतोय. मी म्हणायचो, घरचं काम आहे, होऊ दे."

"दर वेळी?"

"तू दर वेळी आवळायचीस."

सून खोकली. तो खोकला नव्हता हे अक्काला बहिऱ्या कानानेही कळलं. "तुला काय झालं हसायला?" ती म्हणाली. "वर जा आणि तो अँप्लिफायर खाली आण. जड आहे, दोन्ही हातांनी धर."

सून गेल्यावर अक्का वेणीकडे बघत म्हणाली, "मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? तू आवळून झालं की माझ्याकडे बघायचीस. तसं बघणाऱ्या माणसाला काय सांगायचं, की तू माझ्या तारा तोडतेयस म्हणून?"

"मी एवढी कोण लागून गेले, की मला एक गोष्ट सांगता येऊ नये?"

"एवढी," मास्तर म्हणाले, आणि हाताने साधारण छताच्या उंचीची खूण केली. "मग बँड सुटला, हॉलच्या जागी फर्निचरचं दुकान झालं, पण तुझं आवळणं सुटलं नाही. धूळ पुसलीस की आवळ, सण नाही वार नाही. मला सोडवायचा कंटाळा आला. शेवटी तार तुटत आली."

अक्काला राग यायला हवा होता. आलाही, पण कुणाचा धरायचा ते ठरेना. नवऱ्याने इतकी वर्षं चहा गार करून घेतला आणि तोंडातून ब्र काढला नाही, आणि ती मोरीपाशी उभी राहून आपल्या घट्टपणाचा अभिमान मिरवत राहिली. ढोलवाल्याला माहीत होतं. त्याच्या बायकोलाही माहीत असणार. तिला एकदम आठवलं, ढोलवाल्याची बायको भेटली की नेहमी विचारायची, "काय, आवळलं का?" अक्काला वाटायचं, बाई चौकशी करतेय.

"आता ह्या मोकळ्या करायच्या?" तिने विचारलं.

"नाही, कापूनच टाकू, वरचा भाग कुजलाय."

तिने लगेच कात्री घेतली. मास्तर तेवढ्यात टेबलाला वळसा घालून डाव्या बाजूला गेले होते, इस्त्री तापली का बघायला. तिथून ते म्हणाले, "थांब, आधी खूण करू, कुठली कुठे होती ती." डावीकडून आलेलं ते वाक्य अक्कापर्यंत पोचलं नाही. तिने एका दणक्यात वेणी कापली आणि मोडका जॅक बाजूला ठेवला.

मास्तर आले, बघत उभे राहिले.

"मी थांब म्हटलं ना."

अक्काचं काळीज एक ठोका चुकलं. पण तोंड चुकलं नाही. "थांबून काय होणार होतं? कापायच्याच होत्या."

"दोन तारा, एक काळी, एक पांढरी. एक जाते जॅकच्या जिभेला, एक जाते अंगाला. आता बघ."

तिने पाहिलं. एकेकाळी एक काळी असेल, एक पांढरी असेल. आता दोन्ही चहाच्या रंगाच्या होत्या. जुन्या जोडप्यासारख्या, कोण कुठला सांगता येऊ नये.

"ऐकतच नाहीस कुणाचं," मास्तर पुटपुटले. ते तिच्या समोर होते आणि तिने त्यांचे ओठ वाचले. हेच बोलून घ्यायची एक वेळ होती. ऐकत नाही नव्हे, ऐकू येत नाही. पण 'ऐकत नाही' ही इज्जतीची गोष्ट होती. सगळ्या गल्लीत अक्का कुणाचं ऐकत नाही हे माहीत होतं. तिने कात्री मिटून बाजूला ठेवली.

"अंदाजाने लावू," मास्तर म्हणाले. "चुकलं तर उलटं करू."

सून अँप्लिफायर घेऊन आली. धापा टाकत तो खुर्चीवर ठेवला. अक्काने कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्यांनी तारा पकडून धरल्या, एक ह्या हातात, एक त्या. मास्तरांनी डाख द्यायच्या इस्त्रीचं टोक टेकवलं, कथलाची तार लावली, कथील वितळून थेंब झालं आणि बसलं. धुराची बारीक रेघ उठली. त्यांचा हात थरथरत होता. अक्काने तो कधी थरथरताना पाहिला नव्हता, किंवा पाहिलाच नव्हता म्हणा. हल्ली ती त्यांच्या पायाकडेच बघायची, ताल कळावा म्हणून.

"हात का हलतोय?"

"वय आहे त्याचं."

"माझ्यापेक्षा लहान आहे का?"

"बोटं पूर्वीसारखी नाहीत गं," मास्तर म्हणाले, आणि थेंब सुकेपर्यंत फुंकत राहिले. मग एकदम म्हणाले, "म्हणून मी टाळत होतो. अशीच, न जोडता वाजवली तर मी चुकलो ते मलाच कळतं. अँप्लिफायरला लावली की चूकही मोठी होते. सगळ्या घराला ऐकू जाते. तुला ऐकू जाते."

म्हणजे पाणी इथे मुरत होतं. अक्काने चिमटा घट्ट धरला. ह्या माणसाला भीती कसली, तर बायकोला चूक ऐकू जाण्याची. आणि बायकोला भीती कसली, तर काहीच ऐकू न जाण्याची. दोघंही आपापल्या पिशवीत बंद, त्या कोटांसारखी. ती म्हणाली, "चुका झाल्या तर होऊ देत. मी काय तिकीट काढून बसणार आहे?"

पहिल्यांदा लावलं तेव्हा चुकीचंच लागलं. मास्तरांनी पिन खुपसली, अँप्लिफायरचं बटण फिरवलं, तारेवर बोट ठेवलं, आणि खोलीभर एक गुरगुर उठली, जाड, सलग, जणू भिंतीच्या आत कुणी घोरत होतं. मास्तरांनी तोंड वाकडं केलं. सुनेने कानांवर हात ठेवले.

अक्का मात्र जागच्या जागी उभी राहिली. तिला ती गुरगुर ऐकू येत होती. उजव्या कानाने, आणि खोटं कशाला बोला, डाव्यानेही थोडीशी. टेबलावर टेकलेल्या तळव्यांतूनही येत होती. इतक्या दिवसांत इतकं सलग काही तिला ऐकू आलं नव्हतं. तिला वाटलं, हे जरा वेळ असंच राहू द्यावं.

"उलटं लागलंय," मास्तर म्हणाले. "बंद कर."

"लगेच काय बंद करायचं," अक्का म्हणाली. "वाईट नाहीये."

सासरा आणि सून, दोघांनी तिच्याकडे पाहिलं. सुनेने जरा जास्तच वेळ पाहिलं. मग ती म्हणाली, "मी चहा टाकते," आणि वर निघून गेली. शहाणी होती. अक्काने निवडून आणलेली होती.

तारा सोडवून उलट्या लावल्या. ह्या खेपेला मास्तरांचा हात कमी थरथरला, कारण अक्काने आपला हात त्याखाली टेकू म्हणून दिला होता. मग जॅक वाटीत बसवायचा, नट आवळायचा. मास्तरांनी पक्कड तिच्याकडे केली.

"नको," ती म्हणाली. "मी आतून धरते. तुम्ही फिरवा."

तिने दोन बोटांनी जॅक आतून धरला, मास्तरांनी बाहेरून नट फिरवला. जॅक तिच्या बोटांत फिरू बघत होता आणि ती फिरू देत नव्हती. एवढीशी गोष्ट. कुणी सांगितली असती तर. मग स्क्रू लागले, पिन आत गेली, बटण फिरलं, आणि खोलीत काहीच झालं नाही. गुरगुर नाही, खरखर नाही. अक्काला वाटलं, बिघडलं. पण मास्तरांचा चेहरा उजळला होता, म्हणजे ही शांतता चांगली असणार.

ते इस्त्रीच्या टेबलापाशी स्टुलावर बसले. गिटार मांडीवर घेतली. अक्का कपड्यांच्या टोपलीवर बसली, उजवी बाजू अँप्लिफायरकडे करून.

"काय वाजवू?"

"विचारता कसले?"

मास्तरांनी जाड तारेवर अंगठा ठेवला, आणि खुर्च्यांचं गाणं सुरू झालं.

ते आलं. मोरीतल्या वाफेतून यायचं तसं, पोटाच्या खालून वर चढत आलं. पहिले सूर, ज्यांच्यावर लोक कोट शोधत असायचे. मग तो थांबा, जिथे खुर्चीवर खुर्ची चढलेली ऐकू यायची. अक्काने डोळे मिटले. तिच्या हाताला रिकाम्या हँगरचा थंड दांडा लागला, मालकाचा आवाज आला, गाणाऱ्या बाईच्या चपला आत वाजत गेल्या. सगळं जिथल्या तिथे होतं. कुणी काही हलवलं नव्हतं.

आणि मग चाल वर चढली, आणि गेली.

गेली म्हणजे एखादा माणूस बोलत बोलत जिना चढून जावा आणि वरच्या खोलीचं दार लावून घ्यावं, तशी. अक्काने डोळे उघडले. मास्तरांचा डावा हात गिटारच्या मानेवर खाली, पार पोटाजवळ सरकला होता, बोटं बारीक तारांवर नाचत होती, त्यांचे डोळे मिटलेले होते. ते वाजवत होते. चालीतला सगळ्यात गोड भाग, जिथे लोक बाहीत हात घालून थांबायचे, तो आता ह्या खोलीत चालू होता, आणि अक्कापर्यंत त्यातला एक सूर येत नव्हता. मग हात वर आला आणि जाड सूर परत खोलीत आले, जणू काही झालंच नाही.

चाल संपली. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं.

मान डोलवायची. एवढंच करायचं होतं. गेली दोन वर्षं केलं तेच. त्यांच्या कपाळावर घाम होता, तरुणपणी शंभर माणसांपुढे वाजवताना यायचा तसा, आणि ते वाट बघत होते. अक्काची मान अर्धी हललीही. मग तिला ती टेबलावरची कापलेली वेणी दिसली नाही, कारण ती केराच्या टोपलीत गेली होती. पण गार झालेले चहाचे कप दिसले, एकामागून एक, इतक्या वर्षांचे, आणि प्रत्येकापुढे तोंड मिटून बसलेला हा माणूस.

"अहो," ती म्हणाली, "वर गेलात ना, तिथलं मला ऐकू नाही आलं."

"आवाज कमी आहे? वाढवतो."

"आवाजाचं नाही. कानाचं. बारीक सूर मला ऐकू येत नाहीत. डॉक्टरला दाखवून झालंय."

मास्तर बटणावरचा हात तसाच ठेवून बसले. "कधीपासून?"

"जॅक मोडायच्या आधीपासून."

"मग दुपारी मान कसली डोलवत होतीस?"

"तुमचा पाय हलायचा त्यावर."

मास्तरांनी आपल्या पायाकडे पाहिलं. अक्काने टोपलीचा वेत उगाच खरवडला. आता हा माणूस केविलवाणं तोंड करील, हात हातात घेईल, मोठ्याने आणि सावकाश बोलू लागेल. तसं झालं तर आपण ताडकन उठून वर जायचं, असं तिने ठरवून ठेवलं होतं.

"पायावर," मास्तर म्हणाले. "माझा पाय तालात नसतो गं. ढोलवाला आयुष्यभर त्यावरून शिव्या द्यायचा."

"तरीच मान दुखायची."

त्यांनी परत गिटार सावरली. डावा हात मानेवर सरकवला, मग थांबले. बोटं बारीक तारांवरून काढून जाड तारांवर आणली. तोंडातल्या तोंडात काही मोजलं. आणि चालीचा तो वरचा भाग त्यांनी खाली वाजवायला घेतला, जाड तारांवर, जिथे तो कधीच वाजलेला नव्हता. तो तिथे नीट बसत नव्हता. अंगाला न होणारा कोट घालून बघावा तसं ते करत होते. एक सूर सापडला, दुसरा सापडला, तिसऱ्याला बोट ताठरलं आणि भलतीच तार लागली. दणकून लागली. खोलीभर गेली. मास्तरांनी चोरून तिच्याकडे पाहिलं.

"चुकलात," अक्का म्हणाली.

"तुला कळलं?"

"कळायला काय झालं? इथे बसलेय ना. परत घ्या तिथून."

त्यांनी परत घेतलं. पुन्हा चुकले, दुसऱ्याच ठिकाणी, आणि तिने पुन्हा सांगितलं. वरून सुनेची हाक आली असावी, चहा झाल्याची. मास्तरांनी मान वर केली, जिन्याकडे पाहिलं आणि वाजवणं थांबवलं नाही. अक्का टोपलीसकट आणखी जवळ सरकली, गुडघा अँप्लिफायरला टेकेपर्यंत, आणि तिसऱ्या चुकीची वाट बघत बसली.